स्पीकरची तार आणि समीक्षकाचा कान

घरी गाणे ऐकण्यासाठी जी यंत्रे लागतात, त्यांत स्पीकरची तार हा सर्वांत साधा भाग आहे. अँप्लिफायरच्या पोटात शेकडो सुटे भाग असतात. स्पीकरमध्ये चुंबक, वेटोळे आणि पडदा असतो. तारेत मात्र तांबे आणि त्यावरचे आवरण यांपलीकडे काही नसते. तरीही गेल्या चार-साडेचार दशकांत ध्वनियंत्रांविषयी जे समीक्षालेखन झाले, त्यात या तांब्याच्या वाट्याला फार विशेषणे आली. नवी तार जोडताच गायिकेच्या आवाजावरचा पडदा सरला, तबल्याच्या शाईचा पोत कळू लागला, दोन स्वरांमधली शांतता अधिक काळी झाली, अशा धर्तीची वाक्ये या लेखनात पानोपानी भेटतात. इंग्रजीत रुळलेली ही भाषा आता मराठी बोलणाऱ्या शौकिनांच्या बैठकीतही उतरली आहे. तार काही हजारांची असो की लाखाची, तिच्याविषयी बोलण्याची रीत तीच.

प्रस्तुत लेखात तारेपेक्षा तारेवरच्या समीक्षेची तपासणी करायची आहे. समीक्षा म्हणजे केवळ आपला अनुभव सांगणे नव्हे. जे विधान केले ते वाचणाऱ्याला त्या वस्तूकडे परत जाऊन पडताळता आले पाहिजे आणि पटले नाही तर खोडताही आले पाहिजे. या कसोटीवर हे लेखन कुठे उतरते? याचे उत्तर देण्याआधी तारेला मुळात काय करता येते, हे पाहणे भाग आहे.

एका बंडाची कहाणी

१९७०च्या आधी स्पीकरची तार हा चर्चेचा विषयच नव्हता. टेबलावरच्या दिव्याला जी दुपदरी वायर लावतात तीच स्पीकरलाही लावत. त्या दशकात काही ऐकणाऱ्यांनी तारेतारेत फरक असतो असे मांडायला सुरुवात केली आणि १९७९मध्ये कॅलिफोर्नियात नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली. ली पेशाने अभियंते आणि हौसेने ड्रमवादक. जी गोष्ट स्पीकरबरोबर फुकट मिळे तिला त्यांनी नाव, वेष्टन आणि किंमत दिली. जाड तारेची त्यांची मूळ सूचना अगदीच निराधार नव्हती. लांबच्या अंतराला बारीक वायर खरोखरच अपुरी पडते. पण बाजार 'पुरेशी जाड' या मुक्कामावर थांबला नाही.

बाजाराला भाषा पुरवली ती एका वेगळ्याच चळवळीने. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२मध्ये 'स्टिरिओफाइल' हे मासिक सुरू केले, ते जाहिरातदारांच्या दडपणाला आणि नुसत्या मोजमापांच्या कोरड्या अहवालांना कंटाळून. यंत्र ऐकण्यासाठी असते, तेव्हा त्याचा निवाडाही ऐकूनच करावा, असा त्यांचा आग्रह होता. १९७३मध्ये हॅरी पिअरसन यांनी 'द अ‍ॅब्सोल्यूट साउंड' काढले आणि एक मानदंड समोर ठेवला: प्रत्यक्ष जागेत, माइकविना होणारे संगीत. यंत्र त्या आवाजाच्या किती जवळ जाते, एवढेच पाहायचे. दोन्ही भूमिका सन्माननीय आहेत. पिअरसन यांच्या मानदंडात तर समीक्षेला लागणारी मुख्य गोष्ट होती: समीक्षकाच्या मनाबाहेरचा एक संदर्भ.

तारांच्या समीक्षेत हा संदर्भ हरवला. तिथे एका तारेची तुलना मैफलीशी होत नाही, दुसऱ्या तारेशी होते, आणि तीही बहुधा काल ऐकलेल्या तारेच्या आठवणीशी. पुढे खुद्द होल्ट यांनी उतारवयात खंत व्यक्त केली, की झाकून घेतलेल्या चाचण्यांना नकार देऊन या क्षेत्राने आपली विश्वासार्हता घालवली. ज्याने कानाचा झेंडा उभारला त्यानेच हे म्हणावे, याला महत्त्व आहे.

तार काय करते

तारेचे तीनच गुण आवाजापर्यंत पोचू शकतात: रोध, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स. पहिला सर्वांत मोठा, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडू.

दुकानदार जिला 'अडीच एमएम' म्हणतो, त्या अडीच चौरस मिलिमीटरच्या बहुपदरी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००८ ओहम असतो. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाणे-येणे धरून १० मीटर तांबे लागते, म्हणजे ०.०८ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल तर या रोधामुळे आवाजाची पातळी ०.०९ डेसिबलच्या आसपास घटते, ४ ओहमचा असेल तर ०.१७ डेसिबल. आवाजाचे बटण केसभर फिरवले तरी याहून जास्त फरक पडतो.

पण सगळ्या आवाजाची पातळी सारखीच घटली तर बिघडत काही नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. '८ ओहम' हे स्पीकरच्या पाठीवर छापलेले नाममात्र मूल्य असते. प्रत्यक्षात एकाच स्पीकरचा इंपीडन्स स्वराच्या उंचीनुसार ५ ओहमपासून ३० ओहमपर्यंत हलू शकतो. तारेचा रोध जास्त असेल तर ५ ओहमच्या जागी आवाज अधिक घटतो आणि ३० ओहमच्या जागी कमी, आणि आवाजाचा तोल बदलतो. वरच्या ०.०८ ओहमच्या तारेत ही तफावत सव्वादशांश डेसिबलच्या आत राहते. उलट २४ गेजची केसासारखी वायर घेऊन तिचा एकूण रोध १ ओहम होऊ दिला, तर तफावत १.३ डेसिबलवर जाते, आणि ती कानाला कळू शकते. म्हणजे 'तारेने काहीच फरक पडत नाही' हे विधानही तितकेच चुकीचे आहे. फरक पडतो, आणि तो कधी पडतो हे पाटीवर आकडे मांडून सांगता येते.

इंडक्टन्सचा परिणाम वरच्या टोकाला होतो. साध्या दुपदरी तारेत तो मीटरला सुमारे ०.६५ मायक्रोहेन्री असतो. ५ मीटरला २०,००० हर्ट्झवर त्याचा अडथळा ०.४ ओहम भरतो आणि तो रोधाशी काटकोनात मिळत असल्याने ८ ओहमच्या स्पीकरवर जवळजवळ दिसतच नाही. कपॅसिटन्स तर स्पीकरच्या तारेत गौण. मात्र काही खास विणीच्या तारांत तो मुद्दाम वाढवलेला असतो, आणि त्याने काही अँप्लिफायर अस्थिर होतात. महागडी तार साध्या तारेहून वाईट ठरू शकते ती अशा वेळी.

१९९१मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात तार, स्पीकर आणि अँप्लिफायर यांच्या परस्परसंबंधांवर निबंध लिहिला. वेगवेगळ्या बांधणीच्या तारा त्यांनी प्रत्यक्ष स्पीकर जोडून मोजल्या. तारेचा परिणाम एकट्या तारेवर ठरत नाही, दोन्ही टोकांना काय जोडले आहे यावर ठरतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. तारेची समीक्षा लिहिणाऱ्याने निदान या दोन टोकांची नोंद द्यायला हवी. बहुतेक जण फक्त त्यांची नावे देतात, आकडे देत नाहीत.

उसने आणलेले शास्त्र

जाहिरातींची गंमत अशी, की त्यांतले शास्त्र सहसा खोटे नसते. ते दुसरीकडचे असते. १८५८मध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या पहिल्या तारेतून संदेश इतके पसरट होऊन पोचत, की ठिपका आणि रेघ वेगळी करणे कठीण जाई. १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने एडन आणि मुंबई यांच्यामध्ये समुद्री तार अंथरली, तेव्हाही हाच प्रश्न अभियंत्यांसमोर होता. विल्यम टॉमसन आणि पुढे ऑलिव्हर हेविसाइड यांनी तारेतून जाणाऱ्या लहरींचे जे गणित उभे केले, ते अशा हजारो किलोमीटर लांबीच्या तारांसाठी. तेच गणित आज दिवाणखान्यातल्या तीन मीटर तारेच्या पत्रकात अवतरते.

लहरींचे हे परिणाम तारेची लांबी लहरलांबीच्या तुलनेत मोठी असेल तेव्हा जाणवतात. माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच स्वराची, म्हणजे २०,००० हर्ट्झची, तारेतली लहर सुमारे १० किलोमीटर लांब असते. चर्चगेटहून लोकलने दादरला उतरावे, जवळपास तेवढी. तीन मीटर तार तिच्यापुढे काय!

'दोन्ही स्पीकरच्या तारा अगदी समान लांबीच्या हव्यात, नाहीतर वेळेचा तोल जातो' हा सल्लाही असाच. तारेतला संकेत एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद घेतो. हवेतला आवाज एक सेंटिमीटर जायला २९ मायक्रोसेकंद घेतो. म्हणजे ऐकताना मान सेंटिमीटरभर कलली, तर एक मीटर जास्तीच्या तारेपेक्षा सुमारे सहा हजारपट मोठा फरक पडतो. आणि सम आली की आपण मान हलवतोच.

ऑक्सिजनमुक्त तांब्याचे तसेच. १९१३मध्ये तांब्याच्या वाहकतेचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्याच्या १०० टक्के वाहकता साध्या विजेच्या तारेतल्या तांब्यात असते. अतिशुद्ध ऑक्सिजनमुक्त तांब्यात ती १०१ टक्के असते. ५ मीटरची तार ५ सेंटिमीटरने आखूड केली तर हाच फायदा मिळतो. तारेवर छापलेल्या दिशादर्शक बाणाविषयी तर एवढेच, की स्पीकरला जाणारा प्रवाह प्रत्येक कंपनात दिशा बदलतो. त्याला बाण दाखवून उपयोग नाही.

या सगळ्यात एक गोष्ट समीक्षेच्या नजरेतून नेहमी सुटते. तार अँप्लिफायरपासून स्पीकरच्या खोक्यापर्यंत जाऊन थांबत नाही. खोक्याच्या आत पडद्याला हलवणारे वेटोळे बारीक तारेचेच असते, आणि ८ ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचा स्वतःचा रोध ६ ओहमच्या आसपास भरतो. म्हणजे वाटेवरच्या रोधापैकी ६ ओहम खोक्याच्या आत आणि ०.०८ ओहम बाहेर. बाहेरच्या हिश्शावर पानेच्या पाने लिहायची आणि आतल्या हिश्शाचा उल्लेखही करायचा नाही, हे धरणाच्या पाण्याचा हिशेब मांडताना नुसती घागर मोजण्यासारखे आहे.

कान खोटे बोलत नाही, पण

मग समीक्षकांना जे ऐकू येते ते काय असते? 'पैसे घेऊन लिहितात' हे उत्तर सोपे आहे आणि बहुतांशी अन्यायाचे आहे. त्यांचा अनुभव खरा असतो. प्रश्न आहे तो अनुभवाच्या कारणाचा.

दोन गोष्टी आपल्या ऐकण्यात नकळत शिरतात. एक, पातळी. दोन दशांश डेसिबलने मोठा आवाज 'मोठा' वाटत नाही, 'बरा' वाटू शकतो. म्हणून गंभीर चाचणीत दोन्ही बाजूंची पातळी एक दशांश डेसिबलच्या आत जुळवून घेतात. दुसरी, माहिती. कोणती तार लावली आहे, ती केवढ्याची आहे, तिच्याविषयी काय वाचले आहे, हे ठाऊक असताना कान एकटा राहत नाही. आपण लक्ष देऊन ऐकू लागतो, आणि लक्ष देऊन ऐकले की ओळखीच्या ध्वनिमुद्रिकेतही नवे काही सापडतेच. श्रेय तारेला जाते.

यावर उपाय जुना आहे: तार झाकायची. १९८३मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांनी 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकासाठी अशी चाचणी घेतली. मॉन्स्टरची जाड तार, १६ गेजची साधी वायर आणि २४ गेजची बारीक वायर अशा तीन तारा होत्या. बारीक वायर ऐकणाऱ्यांना ओळखता आली, पण तिच्यामुळे आवाजाची पातळीच खाली येत होती. जाड तार आणि साधी १६ गेज यांतला फरक संगीत ऐकताना खात्रीने सांगता आला नाही. वरच्या हिशेबातून जे अपेक्षित होते तेच कानांनी सांगितले. शास्त्र आणि कान यांचे भांडण लावण्याची गरज इथे उरत नाही.

झाकलेल्या चाचणीचा निकाल वाचतानाही सावध राहावे लागते. दहा वेळा ऐकून सात वेळा तार बरोबर ओळखली, असे कुणी सांगितले तर ते भारी वाटते. पण नुसते नाणे उडवूनही दहात सात किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता १७ टक्के आहे. नऊ किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता एक टक्क्याच्या जवळ, तिथे मात्र दाद द्यावी लागते. सोळात बारा हा आकडाही बरा, कारण नशिबाने तो येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे.

इथे दुसऱ्या बाजूलाही बजावले पाहिजे. २००७मध्ये जेम्स रँडी यांनी दहा लाख डॉलरचे आव्हान दिले: पेअर कंपनीची ७,२५० डॉलरची स्पीकरची तार आणि साधी चांगली तार यांतला फरक झाकून ओळखून दाखवा. 'स्टिरिओफाइल'चे समीक्षक मायकेल फ्रेमर तयारही झाले. मग कंपनीने माघार घेतली, अटींवर वाद झाला आणि शेवटी चाचणी झालीच नाही. हा प्रसंग आजही विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. न झालेल्या चाचणीतून काहीच सिद्ध होत नाही. समीक्षकाकडून पुरावा मागणाऱ्याने आपल्या आवडीच्या किश्शांनाही तीच कसोटी लावायला हवी.

उपमा आणि विधान

संगीताविषयी लिहिताना उपमा टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. आवाजाला आपण गोल, टोकदार, भरीव, पिळदार म्हणतो. तेव्हा तारेच्या समीक्षेत उपमा आहेत ही तक्रार नाही. त्या उपमांच्या खाली विधान नाही, ही तक्रार आहे.

आपल्या भाषेत याचा चांगला नमुना आहे. वामनराव ह. देशपांडे यांच्या १९६१च्या 'घरंदाज गायकी'त घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली आहे: कोणते घराणे स्वराकडे झुकते, कोणते लयीकडे, आणि कोण मध्ये तोल साधते. या मांडणीवर पुष्कळ वाद झाले. वाद होऊ शकले, हेच तिचे बळ. वाचकाला ध्वनिमुद्रिका लावून, मैफलीला जाऊन ते विधान ताडून पाहता येत होते, आणि न पटल्यास नेमके कुठे पटत नाही हे सांगता येत होते.

'या तारेने संगीत श्वास घेऊ लागले' या वाक्याशी असा वाद घालता येत नाही. 'मला तसे वाटले नाही' असे म्हटले, तर तीन उत्तरे तयार असतात. तुमचे यंत्र तेवढे सूक्ष्म नाही. तुमचा कान अजून तयार नाही. किंवा तार शंभर तास वाजल्याशिवाय खुलत नाही. या तिसऱ्या उत्तराची सोय अशी, की शंभर तासांत तार बदलली नाही तरी ऐकणारा तिला सरावतो, आणि एव्हाना ती परत करण्याची मुदतही टळलेली असते. ज्या विधानाला खोडण्याचे सगळे दरवाजे आधीच बंद केले आहेत, ते समीक्षेत मोडत नाही. त्याची जागा मानपत्रात.

यात खरे नुकसान पैशाचे नाही. ज्याच्याकडे आहेत त्याने ते कुठे घालावेत हा त्याचा प्रश्न. नुकसान आहे ते ऐकणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे. पंचवीस-तीस वर्षे गाणे ऐकत आलेला, दोन तंबोऱ्यांतला सूक्ष्म फरक सहज सांगणारा श्रोता, तारेतला फरक आपल्याला ऐकू आला नाही म्हणून गप्प बसतो, आपलाच कान कच्चा समजतो. समीक्षेने कान घडवायचा असतो. ही समीक्षा त्याला धाक घालते.

आपल्या घरात

मग तार निवडावी कशी? इथे काळजीचे मुद्दे आहेत, पण ते चकचकीत पानांवर क्वचित दिसतात.

पहिला जाडीचा. तारेचा जाण्या-येण्याचा एकूण रोध स्पीकरच्या इंपीडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, हा रूढ ठोकताळा. त्यानुसार दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ८ ओहमच्या स्पीकरला सुमारे १५ मीटरपर्यंत आणि ४ ओहमच्या स्पीकरला साडेसात मीटरपर्यंत चालते. अडीचची अनुक्रमे २५ आणि साडेबारा मीटरपर्यंत. आपले बहुतेक दिवाणखाने याच्या कितीतरी आत मावतात. ज्याला आणखी काटेकोर राहायचे असेल त्याने लांबी निम्मी धरावी.

दुसरा मुद्दा भेसळीचा, आणि बाजारातली खरी फसवणूक इथे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत स्वस्त 'स्पीकर वायर' म्हणून मिळणारी तार अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या दोन तृतीयांशांच्या आसपास. पारदर्शक आवरणातून ती तांब्यासारखीच दिसते, पण हातात हलकी लागते आणि टोक खरवडले की पांढरी पडते. तिच्याऐवजी भारतीय मानक ६९४चा शिक्का असलेली, तांब्याची म्हणून विकली जाणारी दुपदरी लवचीक वायर घेतली, तर स्पीकरला याहून अधिक काही लागत नाही.

तिसरा मुद्दा टोकांचा. कोकणपट्टीच्या आणि मुंबईच्या दमट, खारट हवेत उघडे तांबे काळवंडते, हिरवे पडते आणि सांधा कुचकामी होतो. वर्षातून एकदा टोक कापून नवे काढले आणि स्क्रू घट्ट आवळले, तर अनेकदा 'नव्या तारेचा' म्हणून सांगितला जाणारा फरक जुनीच तार देते.

चौथा आणि सर्वांत मोठा मुद्दा खोलीचा. १० बाय १४ फुटांच्या खोलीत ४० आणि ५६ हर्ट्झच्या आसपास हवा भिंतींमध्ये अडकून घुमते, आणि ऐकणारा कुठे बसला आहे यावर खर्जाची पातळी १० डेसिबलनेसुद्धा बदलते. तारेच्या ०.०९ डेसिबलसमोर हा आकडा ठेवून पाहावा. आपल्या घरांत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि मोठ्या काचा असतात, त्यामुळे वरचे स्वर परतून आदळतात. सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचे भरलेले कपाट आणि भिंतीपासून दोन फूट पुढे ओढलेले स्पीकर यांनी जे होते ते कोणत्याही तारेने होत नाही. पण सतरंजीची समीक्षा कुणी लिहीत नाही.

तारेवर लिहूच नये असे नाही. लिहिणाऱ्याने चार ओळी आधी द्याव्यात: तारेची लांबी आणि रोध, दोन्ही टोकांना काय जोडले होते, पातळी जुळवली होती का, आणि कोणती तार वाजते आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते का. त्यानंतर त्याने हवी तेवढी विशेषणे वापरावीत. वाचक ती आनंदाने वाचेल, कारण त्या विशेषणांशी भांडण्याची सोय त्याला मिळालेली असेल.